आमराईतली हजेरी

हजेरी घेणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले. तास संपला की गैरहजर पोराच्या खोलीकडे चालू लागणारा मास्तर एकच पाहिला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पितळी तांब्या आणि तांब्यात लिंबू पिळलेलं कोमट पाणी, असे लांजेवार सर नागपूरच्या आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाचा जिना चढायला लागले, की वर पत्ते कुटत बसलेली पोरं पत्ते उशीखाली सारून कण्हायला लागत. सर आत येत, कपाळावर हात ठेवत, पाणी पाजत आणि जाताना उशीखालचे पत्ते काढून खिशात टाकत. रागावत नसत. "बिमार माणसाले डोक्याखाली टोचते," एवढंच म्हणत.

ते तर्कशास्त्र शिकवायचे. उंच, काळेसावळे, किंचित वाकलेले, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. दोन हातांपलीकडे माणूस उभा आहे एवढंच त्यांना दिसे. कोण आहे ते आवाजावरून ओळखत. स्वतःचा आवाज मात्र असा, की त्यांच्या तासाला डुलकी घ्यायची कुणाची छाती नव्हती. लहानपणी सौंदडला धानावरची पाखरं हाकून हाकून हा आवाज कमावला, असं ते सांगत. गोंदियाहून छोट्या लाईनीनं गेलं की लागतं ते सौंदड. तिथून निघून नागपुरात प्रोफेसर झालेला त्या मुलखातला हा पहिलाच माणूस. कोट-टाय घालायचे, व्याख्यान इंग्रजीतून द्यायचे, पण राग आला किंवा माया आली की कोटातून सरळ झाडीपट्टीची बोली बाहेर पडायची.

हजेरीची त्यांची एक तऱ्हा होती. कॉलेजात पोरांना नंबर होते, ते सरांना मान्य नव्हते. "नंबर कैद्याले असते. पोराले गाव असते," असं म्हणून ते गावाच्या नावानं पुकारत. "आमगाव!" म्हटलं की लक्ष्मण पटले उठे. "गोंदिया!" म्हटलं की मी. "मोहटोला!" म्हटलं की सुखदेव कापगते. उत्तरही 'प्रेझेंट सर' असं नाही, 'हजर, सर' असं द्यायचं. वऱ्हाडातली पोरं आधी हसली, मग त्यांनाही चटक लागली. घर सोडून आलेल्या पोराला दिवसातून एकदा कुणी गावाच्या नावानं हाक मारतं, याचं सुख आता सांगून कळायचं नाही.

आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. लक्ष्मण म्हणजे एकट्याची नाटक कंपनी. प्रिन्सिपॉल, धोबी, स्वयंपाकाचा महाराज, कुणाचाही आवाज काढायचा. सुखदेव उलटा. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे खोल विहिरीतून घागर ओढणं. सौंदडपासून जंगलाकडे दोन-अडीच कोसांवर मोहटोला. तिथं ठेक्यानं केलेली थोडी धानाची शेती आणि घरात एकटी आई. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, तो गावी जायचा तो रोवणी संपवूनच यायचा. त्यामुळे त्याची हजेरी कायम तोकडी. हजेरी कमी म्हणजे टर्म बुडाली, टर्म बुडाली म्हणजे परीक्षेला बंदी आणि वर्ष गेलं. माझ्यासारख्या दुकानदाराच्या पोराचं वर्ष गेलं तर बाप चार शिव्या देऊन गादीवर बसवी. सुखदेवचं वर्ष गेलं असतं तर तो नांगराकडे गेला असता आणि परत आला नसता. हे त्याला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं.

म्हणून लक्ष्मण त्याच्या नावानं 'हजर' म्हणायचा. सुखदेवचा तो घशातल्या घशात विरणारा आवाज हुबेहूब काढायचा. एकदा हजेरी संपवून सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तर्काचा एक प्रश्न आहे. जिथं धूर तिथं विस्तव. तसं जिथं आवाज तिथं माणूस, हे अनुमान बरोबर का चूक? पटले, तू सांग. तुझ्यापाशी आज दोन आवाज आहेत."

वर्ग हसून लोटपोट झाला. लक्ष्मण कसला खजील होतो! म्हणाला, "सर, माणूस रस्त्यात आहे. आवाज पुढं पाठवला."

सरही हसले. लावलेली हजेरी त्यांनी खोडली नाही. संध्याकाळी मात्र तांब्या घेऊन आमच्या खोलीवर हजर. "मोहटोला आला का गा?" अजून आला नाही असं कळल्यावर त्यांनी तो तांब्या लक्ष्मणच्या तोंडाला लावला. "त्याच्या नावानं हो म्हणतं, तं त्याच्या नावानं पी." साखर नावाला नसलेलं ते सगळं पाणी लक्ष्मणनं तोंड वाकडं करत संपवलं. मी इतका हसलो की पोट दुखलं. आता त्या तांब्याची आठवण झाली की हसू येत नाही.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. त्या साली दसऱ्याच्या आसपास मानमोडी आली. आधी अंग मोडे, मान धरे, मग ताप चढे, आणि पुढचं ज्याचं त्याचं नशीब. म्हाताऱ्यांना सोडून तरण्यांना उचलणारा असला रोग कुणी पाहिला नव्हता. वसतिगृहातला महाराज पळाला, धोबी फिरकेना. सर कोट काढून भटारखान्यात खिचडी शिजवत आणि दिवसभर तांब्या घेऊन जिने चढत-उतरत. उशीखाली आता पत्ते नव्हते. शेजारच्या खोलीतल्या एका पोराला सकाळी खाली नेलं, तेव्हा त्याच्या बाजेजवळ सर नुसते उभे होते आणि लिंबाचं पाणी हातात तसंच होतं.

कॉलेज बंद झालं. वऱ्हाडातली पोरं वऱ्हाडात गेली. आमच्या बाजूची आम्ही पाच-सहा जण उरलो, कारण आमच्या गावांहून निरोप येत होते की इकडे येऊ नका. सर गोऱ्या प्रिन्सिपॉलकडे गेले. पोरांना मी माझ्या गावी नेतो, तिथं शिकवतो, हजेरी घेतो, ती हजेरी टर्ममध्ये धरा, असं त्यांनी मागितलं. साहेब स्वतः तापानं कांबळं पांघरून बसला होता. त्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर सर सुखदेवला म्हणाले, "चाल. तुही टर्म वाचली."

गोंदियाला गाडी बदलायची होती. फलाटावर माझे बाबूजी आले, पण लांब उभे राहिले. घरात काकू आणि धाकटी बहीण तापात होत्या. आमचं घर मराठी, पण बाजारात उभा जन्म गेल्यामुळे बाबूजींना घाबरल्यावर हिंदीच सुचायची. "अभी घर मत आना बेटा," ते म्हणाले, "मास्टरसाहब के साथ रहो." त्यांनी शेवचिवड्याची पुडी फलाटावर ठेवली आणि मागे सरकले. मी ती उचलली. बापानं ठेवलेली वस्तू अशी जमिनीवरून उचलायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

सौंदडला पोचलो तर गावानं शीव बांधलेली. रस्त्यावर बोराटीचे काटे आडवे टाकलेले आणि काट्यांपलीकडे काठी घेऊन सरांचे सख्खे थोरले भाऊ.

"तू एकटा येऊन राहिला तं ये गा," ते म्हणाले. "हे पोट्टे कायले आणले?"

"हे माहे पोरं आहेत, दादा."

"गावात पोरं नाही का आमाले?"

वाद करून माणसं जिंकणारा हा तर्काचा प्रोफेसर त्या दिवशी मुकाट्यानं मागे वळला आणि आम्हाला शिवेबाहेरच्या आपल्या आमराईत घेऊन गेला. आमराईच्या कडेला धानाचं एक रिकामं कोठार होतं, पलीकडे बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताला पाणी देणारं लहान तळं. बोडीच्या पल्याडच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राखणीची गवती झोपडी होती. सरांच्या वहिनी रोज शिवेवरच्या दगडावर भाताचं भांडं ठेवायच्या, मागे सरायच्या आणि ओरडायच्या, "भाऊजी, भात ठेवला. वरण पातळ आहे, बोंबलू नका!" त्या माउलीच्या ओरडण्यावर आम्ही जगलो.

मग आमराईतलं कॉलेज सुरू झालं. एकाचा श्वास दुसऱ्याला लागू नये म्हणून सरांनी प्रत्येकाला एकेक झाड दिलं. हे आमगावचं झाड, हे गोंदियाचं, ते शेवटचं, बोडीकडचं, मोहटोल्याचं. झाडाखाली चटई, चटईवर पोरगा, रात्रीही तिथंच निजायचं. मधोमध बाजेवर सर. सकाळी दव पडलेलं असताना ते उभे राहून पुकारत आणि झाडाझाडांतून उत्तरं येत. त्यांना आमच्यापैकी एकही जण दिसत नसे. आमराईतून नुसते आवाज यायचे आणि सर त्या आवाजांकडे बघून मान डोलवायचे.

नियम दोनच होते. आमराईच्या बाहेर जायचं नाही. गेलं तर चांगले आठ-दहा दिवस परत आत यायचं नाही. आणि दुसरा: "ज्याचं उत्तर नाही आलं, त्याच्याकडं मी येईन. जागचं हलू नका. पडून राहा. मी येतो."

दिवस बरे जात होते. लक्ष्मण एका झाडाखालून प्रिन्सिपॉल होई आणि दुसऱ्या झाडाखालचा सुखदेव कधी नव्हे तो मोठ्यानं हसे. मग मला ताप आला.

मला कोठारात हलवलं. त्या दिवसांचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. धानाच्या तुसाचा वास, कौलांतून येणारी उन्हाची तिरीप, आणि सरांचा हात. ते माझ्यापाशीच बसलेले असायचे. शिकवायला बाहेर जायचे तेवढंच, की परत येऊन कपाळावर ओली घडी ठेवायचे. तो पितळी तांब्या माझ्या उशाशी होता. डोळे उघडले की पहिला तो दिसायचा.

आणि सकाळची हजेरी भिंतीआडून ऐकू यायची. "आमगाव!" "हजर, सर." माझ्या गावाला सर क्षणभर थांबत आणि स्वतःच म्हणत, "गोंदिया बिमार आहे. बरा होऊन राहिला." मग "मोहटोला!" आणि लांबून, घशातल्या घशात, "हजर, सर." तापात मला वाटायचं, चला, सुखदेव धडधाकट आहे. मला त्याचं फार बरं वाटायचं.

माझा ताप उतरत होता त्या सकाळची गोष्ट. हजेरी नुकतीच झाली होती. भाताची वेळ नव्हती, तरी शिवेच्या दगडापासून वहिनींचा आवाज आला. त्यांच्याकडच्या बाया लवकर पिकणारा हलका धान कापायला बोडीकडे गेल्या होत्या.

"भाऊजी! तुमचा एक पोरगा आमच्या झोपडीत पडून आहे!"

सर बाहेर होते. त्यांचं उत्तर मी कोठारात पडल्या पडल्या ऐकलं. "माहे सगळे पोरं हजर आहेत, वहिनी!"

थोड्या वेळानं पावलं धावल्याचा आवाज आला. मी भिंतीला धरून दारापर्यंत आलो. सर बोडीच्या पाळीवरून धावत होते. चष्मा बाजेवर राहिला होता, हात पुढे धरून ठेचकाळत धावत होते. तांब्या माझ्या उशाशीच होता.

त्याआधीचं आणि नंतरचं मला झोपडीशी उभ्या असलेल्या बायांनी आणि वहिनींनी सांगितलं. मोहटोल्यातही मानमोडी शिरल्याची बातमी शिवेवर भात ठेवताना वहिनींच्या तोंडून निघून गेली होती. सुखदेव आईला पाहायला गेला. आई धड होती. तिनंही त्याला काट्यांपलीकडूनच पाहिलं, भाकर फेकली आणि म्हणाली, "जाय बापू, शाळा बुडते." परतताना त्याला हुडहुडी भरली. आमराईत यायचं नाही हा नियम त्यानं पाळला. झोपडीत पडून राहिला आणि आपलं नाव पुकारलं जाईल, उत्तर येणार नाही, मग सर येतील, याची वाट पाहत राहिला. ओरडायला घशात आवाज उरला नव्हता. सरांचा आवाज मात्र पाण्यावरून थेट झोपडीत येत होता.

सर पोचले तेव्हा तो शुद्धीत होता. म्हणाला, "सर, मी आयकत होतो. माहं नाव आलं का कोणीतरी हो म्हणे." सरांचा हात धरला आणि थोडं हसल्यासारखं केलं. कोण म्हणे, ते त्यानं सांगितलं नाही. दुपारी तो गेला. पुढे कॉलेज उघडल्यावर कळलं, की त्या वर्षी आमच्या कॉलेजनं हजेरीची अट सगळ्यांनाच माफ केली होती.

कोण म्हणे, हे सरांनी आम्हाला कधी विचारलं नाही. लक्ष्मणनं कधी सांगितलं नाही. त्यानं आवाज काढणं मात्र सोडलं. इतकं सोडलं, की स्वतःच्या आवाजातही तो जेमतेम बोलू लागला. परीक्षा न देता त्यानं कॉलेज सोडलं, आमगावची चांगली शेती भावांच्या हवाली केली आणि सौंदडच्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून जाऊन राहिला. घरच्यांना हे वेड कळलं नाही. मला कळलं, कारण एकदा गोंदियाच्या बाजारात त्यानं मला बाजूला घेतलं. "त्यानंच म्हटलं होतं गा, दोन दिवस माह्या नावानं हो म्हण, आलोच. दोन दिवस गेले तरी मी म्हणतच राहिलो. मले वाटलं, मायपाशी राहून राहिला. सरले कधी सांगू नको. त्याइचा जीव जाईल."

सर कॉलेजात परत शिकवू लागले, पण त्यांनी पुकारणं बंद केलं. बाकाबाकापाशी जाऊन प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत, हात लागला की हजेरी. नव्या पोरांना याची गंमत वाटे. अर्धा तास यातच जाई. तक्रारी झाल्या. नव्या प्रिन्सिपॉलनं समजावून पाहिलं. सर म्हणाले, "आवाजावरून माणूस सिद्ध होत नाही, साहेब. हे मी शिकवत होतो. शिकलो नव्हतो." मुदतीच्या आधीच नोकरी सोडून ते सौंदडला आले.

तिथं मी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा आम्ही आमराईत बसलो होतो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग बोडीकडे तोंड करून ते म्हणाले, "आवाज ओळखीचा होता गा."



"पहिल्याच दिवशी ओळखला मी. पटल्याचा होता. म्हटलं, पोरगा मायकडं गेला असंल. जाऊ दे. टर्म तं भरंल." मग पुढं म्हणाले, "त्याले सांगू नको. त्याले वाटते मले माहीत नाही. माहीत आहे म्हणून कळलं तं तो जगणार नाही."

आता बोला! दोन्हीकडची कुलपं माझ्याच कमरेला. त्यांच्यापैकी एकानंही वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. एकानं मैत्रीसाठी हाकेला ओ दिली, दुसऱ्यानं मायेनं ती चालवून घेतली. दोघं एकाच गावात राहत होते, रोज एकमेकांचं तोंड पाहत होते आणि दोघंही मला दटावत होते की सांगू नको. मी पुष्कळदा सौंदडच्या गाडीत बसताना ठरवायचो, की आज बोलून टाकायचंच. दोघांना पाहिलं की पावसापाण्याचं बोलून परत यायचो.

आमराईत मात्र सर पुन्हा पुकारू लागले होते. रोज सकाळी, दव असो की धुकं. सगळी झाडं, सगळी गावं. त्यातली पोरं कुठं कुठं गेली होती. कुणी वकील झाला, कुणी मेला. शाळेत जायच्या आधी लक्ष्मण तेवढा येऊन आपल्या झाडाखाली उभा राहायचा. "आमगाव!" "हजर, सर." बाकीच्या नावांना उत्तर नाही आलं तरी सर पुढं जात. "मोहटोला!" म्हटल्यावर मात्र थांबत. त्या थांबण्याची गावाला भीती वाटे. बोडीवर धुणाऱ्या बाया हातातलं कापड आपटायच्या थांबत. गुराखी गुरांच्या गळ्यातल्या घंटा मुठीत धरत. मोहटोल्याची माणसं बाजाराला निघाली तर ती वेळ टाळून दुसऱ्या वाटेनं येत. न जाणो, आपल्या गावाचं नाव ऐकून चुकून तोंडातून 'हो' निघायचं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी पुकारते तं मले वाटते, आता झोपडीतून कोणी बोलंल. झोपडी तं कवाच पडली, बापू."

मी सरांना शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात. सर फार थकले होते. नजर जवळजवळ गेली होती आणि आजचं-कालचं एकमेकांत मिसळायला लागलं होतं. मला म्हणाले, "गोंदिया, ताप उतरला का गा?" मी म्हटलं, "उतरला, सर." त्यांनी चाचपडत माझ्या कपाळाला हात लावला आणि त्यांना समाधान वाटलं. मला परतीची सकाळची गाडी धरायची होती, पण हजेरीपुरता थांबलो. केस पांढरे झालेला लक्ष्मण शाळेच्या किल्ल्या हातात घेऊन आपल्या झाडाखाली उभा होता.

आवाज तेवढा शिल्लक होता. "आमगाव!"

"हजर, सर."

"गोंदिया!"

"हजर, सर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पोरासारखा वाटला.

"मोहटोला!"

सर थांबले. बोडीवरचं धोपटणं थांबलं. आंब्याच्या पानांवरून दव टपटपत होतं. मी सवयीनं मान खाली घातली.

"गैरहजर आहे, सर."

मी दचकून पाहिलं. लक्ष्मण झाडाखालून पुढं आला होता. आवाज त्याचा स्वतःचा होता, मोठा आणि स्वच्छ; पंचवीस-तीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

"बिमार आहे, सर. बोडीवरच्या झोपडीत पडून आहे. तुमची वाट पाहून राहिला."

सर त्या आवाजाकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर इतकी निरनिराळी माणसं येऊन गेली, की त्यांना काय कळलं, कोणतं साल त्यांच्यापुढं उभं होतं, ते मी सांगू शकत नाही. मग ते हळूच म्हणाले, "मंग आधी काऊन नाही सांगितलं, पटले?"

"भेव वाटला, सर. त्याची टर्म जाईल म्हणून."

"मले पण," सर म्हणाले. "मले पण तेच वाटलं गा."

लक्ष्मण तिथंच दवात खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. सर बाजेवरून उठले. चाचपडत त्याच्यापर्यंत गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडतं कायले? ऊठ. तांब्या भर. जाऊ त्याच्याकडं."

स्टेशनावर गाडीची घंटा झाली. मी निघालो. निरोप घ्यायचं मला सुचलं नाही आणि त्या दोघांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

छोटी गाडी सौंदड सोडल्यावर बोडीच्या बाजूनं वळते. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. धान कापलेल्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, धुक्यातून, पाळीवर दोघंजण चालले होते. लक्ष्मणनं सरांचा दंड धरला होता. पुढं झोपडी नव्हती, काही नव्हतं, नुसतं गवत होतं. तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून सर अगदी हळू चालत होते.